कुणाला मत दिलंत, हे इथे विचारत नाहीत

२००५ च्या मे महिन्यातली गोष्ट. मला इंग्लंडात येऊन आठ महिने झाले होते आणि कॉव्हेंट्रीतल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायची नोकरी लागली होती. गुरुवारी पार्लमेंटची निवडणूक झाली. शुक्रवारी चहाच्या सुट्टीत मी सांगलीच्या सवयीनं सगळ्यांना विचारलं, "मग, कुणाला दिलंत मत?"

लॅब शांत झाली. एकीनं बिस्किटांचा डबा पुढे केला. दुसऱ्यानं खिडकीबाहेर बघत, पाऊस थांबेलसं वाटतंय, असं सांगितलं. नंतर आमच्या सिनियर बाईंनी मला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं की इथे दोन गोष्टी विचारायच्या नसतात, पगार आणि मत.

आपल्याकडे हे विचारावंच लागत नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी होती. तिथे दहा मिनिटं उभं राहिलं की कोण कुणाच्या बाजूचा, कोण का रुसलाय, कुठल्या कारखान्यानं उसाचं बिल थकवलंय आणि तो राग कुठल्या चिन्हावर निघणार, सगळं फुकट कळायचं. इथे माणूस पंधरा वर्षं भिंतीला भिंत लावून राहतो, तुमच्या मुलांच्या वाढदिवसाला दारातून कार्ड टाकतो, आणि राजकारणाबद्दल त्याच्या मनात काय आहे याचा तुम्हाला पत्ता नसतो. त्यामुळे ते पैसे खर्चून विचारून घ्यावं लागतं. ओपिनियन पोल म्हणजे इंग्रजांची चहाची टपरी, असं मी नव्यानं आलेल्यांना सांगते.

गणपतीत मंडळात दरवर्षी नवी जोडपी भेटतात. आधी घरभाडं, मग जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टर, मग मुलांची शाळा, असे प्रश्न येतात. आणि मोदक संपत आले की कुणीतरी आवाज खाली आणून विचारतं, "ताई, या लोकांना आपण नकोय का हो? परवा बातमीत टक्केवारी होती." त्या प्रश्नाचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

आधी एक दिवस सांगते. २४ जून २०१६, शुक्रवार. आदल्या दिवशी युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, यावर सार्वमत झालं होतं. रात्री दहाला मतदान संपताच यूगव्ह या पोल घेणाऱ्या कंपनीनं त्याच दिवशी केलेला पोल जाहीर केला: राहायचं ५२, बाहेर ४८. मी निवांत झोपले. सकाळी उठले तर आकडे बरोबर उलटे, बाहेर ५१.९ आणि राहायचं ४८.१. पौंड धाडकन उतरला होता आणि पुण्याहून भावाचा फोन, "अगं, पैसे पाठवायचे राहिले का?" लॅबमध्ये त्या दिवशी कुणी कुणाशी नीट बोललं नाही. कॉव्हेंट्रीनं ५५ टक्क्यांहून जास्त मतं बाहेर पडायला दिली होती. म्हणजे माझ्याबरोबर अकरा वर्षं डबा खाणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास तिकडे गेले असणार, आणि मला कोण कोण ते सांगता येत नव्हतं. आजही येत नाही.

तेव्हापासून मी पोल नीट वाचायला शिकले. मथळा सोडून द्यायचा आणि प्रश्न शोधायचा, ही पहिली सवय लावून घ्या. इथे २००४ पासून ब्रिटिश पोलिंग कौन्सिल नावाची संस्था आहे. तिच्या सभासद कंपन्यांना प्रश्न कुठल्या शब्दांत विचारला, किती जणांना, कुठल्या तारखांना, पैसे कुणी दिले, हे सगळं तक्त्यांसकट जाहीर करावं लागतं. दोन मिनिटांत सापडतं. पेपरातली बातमी आणि तो तक्ता शेजारी ठेवून पाहा, कधीकधी दोन वेगळ्या देशांबद्दल वाचतोय असं वाटेल.

शब्दांचं महत्त्व इथलं सरकारही जाणतं. स्कॉटलंडच्या २०१४ च्या सार्वमतासाठी आधी सुचवलेला प्रश्न होता, "स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा, याच्याशी तुम्ही सहमत आहात का?" निवडणूक आयोगानं तो तपासला आणि "सहमत आहात का" काढून टाकायला लावलं, कारण त्यानं माणूस होकाराकडे झुकतो. २०१६ च्या सार्वमताच्या प्रश्नातही "राहावं का? हो की नाही" याऐवजी "राहावं की बाहेर पडावं" असं दोन्ही बाजू सांगणारं वाक्य आलं ते आयोगाच्याच सांगण्यावरून. आपल्याकडेही सासूबाई "भाजी बरी झालीय ना?" विचारतात तेव्हा उत्तर ठरलेलंच असतं.

आता मूळ प्रश्नाकडे. इमिग्रेशन.

इप्सॉस ही कंपनी १९७४ पासून लोकांना एकच प्रश्न विचारत आली आहे: आज ब्रिटनपुढचा सगळ्यात मोठा प्रश्न कोणता? समोर यादी ठेवत नाहीत, जे तोंडात येईल ते लिहून घेतात. त्यामुळे तो आलेख मला फार प्रामाणिक वाटतो. २०१५ मध्ये त्यात इमिग्रेशन अव्वल होतं. सार्वमत झालं आणि ते घसरत गेलं. कोविडच्या काळात तर एक आकडी टक्क्यांवर आलं. २०२५ मध्ये पुन्हा पहिल्या क्रमांकावर. मधल्या काळात येणाऱ्यांची संख्या मात्र या आलेखाच्या तालावर नाचली नाही. आलेले वजा गेलेले, हा आकडा २०२३ च्या सुमाराला एका वर्षात नऊ लाखांच्या वर गेला होता. त्यानंतर तो निम्म्याहून खाली आला. तो उतरत असताना काळजी चढत होती.

असं का? कारण लोक डोळ्यांसमोर काय आणतात ते बघा. इंग्लिश खाडीतून रबरी होड्यांतून येणारी माणसं रोज टीव्हीवर दिसतात. २०२२ साली ती ४५ हजारांहून जास्त आली. पण त्याच सुमाराला व्हिसाचा कागद घेऊन हीथ्रोला रांगेत उभे राहिलेले परिचारिका, केअर वर्कर, विद्यार्थी आणि आमचे-तुमचे आयटीवाले त्यांच्या कित्येक पट होते. त्यांची बातमी होत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये यूगव्हनं विचारलं, इथे राहणाऱ्या स्थलांतरितांत कायदेशीर जास्त की बेकायदेशीर? जवळजवळ निम्म्या लोकांना वाटत होतं की बेकायदेशीरच जास्त. खरं चित्र अगदी उलटं आहे, कायदेशीर राहणारे कितीतरी जास्त आहेत. म्हणजे "इमिग्रेशन कमी करा" असं म्हणणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे बहुतेकदा होडी असते, तुमचं बोर्डिंग कार्ड नसतं.

हे कशावरून? त्याच लोकांना पुढचा प्रश्न विचारा. डॉक्टर कमी करायचे का? नर्स? म्हाताऱ्यांना आंघोळ घालणारे केअर वर्कर? शेतात फळं तोडणारे? उत्तरं एकदम बदलतात. एकूण आकडा कमी व्हावा असं म्हणणाऱ्यांतलेच बरेच जण, नर्स आहेत तेवढ्या राहू द्या किंवा आणखी येऊ द्या, असं सांगतात. हे वर्षानुवर्षं आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या पोलमध्ये दिसत आलं आहे. आणखी एक: "देशापुढचा मोठा प्रश्न" विचारला की इमिग्रेशन वर येतं, "तुमच्या स्वतःच्या घरापुढचा" विचारला की ते खाली जातं आणि महागाई, आजारपण वर येतं.

माझ्या शेजारी एक आजोबा राहतात. समोर मी त्यांना नावानंच हाक मारते, इथली पद्धतच तशी, पण मराठीत लिहिताना आजोबाच लिहिणार. गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. कॉव्हेंट्री एके काळी गाड्यांचं गाव होतं, एकेक कारखाना बंद होत गेला. जवळच्या रायटनचा प्यूजोचा कारखाना २००६ च्या शेवटी बंद झाला आणि काम स्लोव्हाकियात गेलं. हे लक्षात ठेवलंत तर ते ५५ टक्के थोडे समजतात, सगळे नाही. तर आजोबा. माझी पार्सलं घेऊन ठेवतात, मी गावी गेले की कचऱ्याचा डबा बाहेर काढतात. एकदा कुंपणापाशी उभे राहून, देशात माणसं फार झाली, सगळा भारच झालाय, असं म्हणाले. माझा चेहरा बघितला आणि लगेच पुढे जोडलं, "तुझ्याबद्दल नाही बोलत गं."

हे वाक्य तुम्हालाही ऐकायला मिळेल. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रात्रभर झोप आली नव्हती. माझ्याबद्दल नाही, मग कुणाबद्दल? तुम्ही माझ्यासारख्या किती जणींना ओळखता? नंतर दादरचे माझे मामा आठवले. "भैये आले आणि मुंबईची वाट लावली" हे त्यांचं जेवणानंतरचं ठरलेलं वाक्य. त्यांच्या घरी बावीस वर्षं दूध घालणारा भैयाच होता, आणि त्याच्या मुलीच्या लग्नात मामा आहेर घेऊन सर्वांत आधी हजर. मामांना कुणी पोलमध्ये विचारलं असतं तर त्यांनी कुठल्या चौकटीत खूण केली असती, हे मला पक्कं माहीत आहे. आणि दूधवाल्याचं रेशनकार्ड रद्द करू का विचारलं असतं, तर मामा भांडायला उठले असते. माणसाची दोन्ही मतं खरी असतात. पोल एका वेळी एकच विचारतो.

आपली मंडळीही यातून सुटलेली नाहीत. मंडळाच्याच जेवणात, "आपण टॅक्स भरून, दरवर्षी १,०३५ पौंड हेल्थ सरचार्ज भरून आलोय, आणि हे होडीवाले फुकट हॉटेलात" असं बोलणारे मराठी लोक मी ऐकले आहेत. तेच दुसऱ्या दिवशी पोलचा मथळा वाचून घाबरतात.

पण गोड गोड सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. काही प्रश्न थेट आपल्यावरच येतात. २०२५ च्या मे महिन्यात सरकारनं कायमच्या वास्तव्यासाठीची पाच वर्षांची अट सर्वसाधारणपणे दहा वर्षं करायचा प्रस्ताव मांडला. सप्टेंबरात रिफॉर्म यूके पक्षानं कायमचं वास्तव्य ही सोयच मोडीत काढू असं जाहीर केलं, आणि त्या वेळी हा पक्ष बहुतेक पोलमध्ये पहिल्या क्रमांकावर होता. तेव्हा पोलवाल्यांनी विचारलं. ज्यांना हे वास्तव्य आधीच मिळालंय त्यांचं काढून घ्यायचं का, यावर स्पष्ट बहुमत "नको" म्हणालं. पुढे कुणाला द्यायचंच नाही का, यावर मात्र लोक जवळपास अर्धेअर्धे फाटले. नव्यानं आलेल्या माणसानं दोन्ही वाक्यं वाचावीत. पहिल्यात इंग्रजांची एक जुनी खोड दिसते: एकदा दिलेला शब्द मोडणं त्यांना आवडत नाही, मग शब्द द्यायला नको होता असं वाटत असलं तरी. दुसरं वाक्य तुमच्या व्हिसाच्या तारखांशी संबंधित आहे, तेव्हा नियमांवर डोळा ठेवा आणि ते गृह खात्याच्या पानावर वाचा. व्हॉट्सअ‍ॅपवर नको.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आठवलं. २०२४ च्या उन्हाळ्यात साउथपोर्टला लहान मुलींवर चाकूहल्ला झाला, हल्लेखोर कोण याच्या खोट्या बातम्या पसरल्या आणि गावोगाव दंगली उसळल्या. आमच्या रस्त्यावर काही झालं नाही, पण फोन सारखा वाजत होता: इथे जाऊ नका, तिथे जाऊ नका, ही यादी पाहा. ७ ऑगस्टला रात्री जिथे जिथे जमाव येणार म्हणून यादी फिरली होती, तिथल्या बऱ्याच ठिकाणी दंगलखोरांऐवजी त्यांना विरोध करणारे हजारोंनी उतरले. त्याच आठवड्यात यूगव्हनं विचारलं तेव्हा या हिंसेला विरोध करणारे दहांत आठाहून जास्त निघाले, पाठिंबा देणारे शंभरात सात. मी हा आकडा सगळ्यांना पाठवला आणि मग बसून गुणाकार केला. पाच कोटींवर प्रौढांच्या देशात शंभरात सात म्हणजे पस्तीस लाखांच्या वर माणसं होतात. पोलमध्ये हो म्हणणारा प्रत्येकजण दगड उचलत नाही हे खरं, तरी दोन्ही आकडे मी मनात शेजारी शेजारी ठेवते. रात्रपाळीहून येताना त्या आठवड्यात मी बसऐवजी टॅक्सी केली. लाज वाटायचं कारण नाही.

जुन्या लोकांनी याहून वाईट पाहिलंय. इथून तासाभराच्या अंतरावर वुल्व्हरहॅम्प्टन आहे. तिथले खासदार इनॉक पॉवेल यांनी एप्रिल १९६८ मध्ये बर्मिंगहॅमला स्थलांतरितांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केलं. पक्षनेत्यानं त्यांना जबाबदारीवरून काढलं, पण त्यानंतरच्या गॅलप पोलमध्ये ७४ टक्के लोक पॉवेल यांच्याशी सहमत होते. शंभरात चौऱ्याहत्तर! कॉव्हेंट्रीत तेव्हा फाउंड्रीत काम करणारे एक पंजाबी काका मला सांगायचे की त्या महिन्यात पबमध्ये शिरताना आधी खिडकीतून आत बघायचो. २००६ मध्ये इप्सॉसनं विचारलं, खरा ब्रिटिश व्हायला माणूस गोराच असावा लागतो का? हो म्हणणारे दहा टक्के. २०२० मध्ये तोच प्रश्न, हो म्हणणारे तीन टक्के. २०२२ च्या दिवाळीत ऋषी सुनक पंतप्रधान होणार हे ठरलं तेव्हा आमच्या लॅबमध्ये चर्चा त्यांच्या धर्माची झाली नाही, त्यांच्या बायकोच्या टॅक्सची झाली.

इथली मतं किती दूरवर सरकू शकतात, हे बघायचं असेल तर ब्रिटिश सोशल अ‍ॅटिट्यूड्स नावाचा सर्व्हे वाचा. १९८३ पासून चालू आहे, निवडणुकीच्या धावपळीपासून लांब. समलिंगी संबंधांत काहीच गैर नाही असं १९८३ मध्ये १७ टक्के म्हणत होते, २०२२ मध्ये ६७ टक्के. आपल्या आईवडिलांना इथे भेटीला आणणार असाल तर हे आधी सांगून ठेवा, कारण शेजारी दोन नवरे राहत असतील आणि त्यांच्याकडून केकही येईल.

याच सर्व्हेत एनएचएसचं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, प्रकरण आहे, आणि ते मला नोकरीमुळे जिव्हाळ्याचं. २०१० मध्ये ७० टक्के लोक एनएचएसवर समाधानी होते. २०२४ मध्ये २१ टक्के, सर्व्हे सुरू झाल्यापासूनचा नीचांक. हे वाचून आपल्या माणसाला वाटतं, चला, आता हे लोक खासगी हॉस्पिटलं मागणार. मुळीच नाही. उपचार सगळ्यांना, फुकट आणि करातून मिळावेत, या तत्त्वाला त्याच लोकांचा प्रचंड पाठिंबा आहे. घरातल्या थोरल्या माणसावर आपण रागावतो तसा हा राग. म्हणून एक व्यवहारी सल्ला: अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणून इंग्रज सहकारी तक्रार करत असेल तर मान डोलवा, पण "आमच्याकडे सांगलीत दोनशे रुपयांत त्याच दिवशी एक्स-रे होतो" हे पुढे जोडू नका. मी जोडलं होतं. पुन्हा बिस्किटांचा डबा पुढे आला.

आता, हे पोल खरे किती? आपल्याकडे म्हणतात तसं, शितावरून भाताची परीक्षा. हजार-दोन हजार माणसांना विचारून कोट्यवधींचा अंदाज. भात नीट ढवळलेला असेल तर एक शीत पुरतं. पण वरचीच शितं उचलली तर खाली करपलंय ते कळत नाही. १९९२ मध्ये पोल म्हणत होते लेबर पक्ष निसटता पुढे, प्रत्यक्षात कॉन्झर्व्हेटिव्ह साडेसात टक्क्यांनी पुढे निघाले. २०१५ मध्ये पोल म्हणत होते बरोबरी, आणि कॉन्झर्व्हेटिव्ह साडेसहा टक्क्यांनी जिंकले. त्यानंतर पॅट्रिक स्टर्जिस या प्राध्यापकांच्या समितीनं चौकशी केली. लोक खोटं बोलले म्हणून असं झालं, हा सगळ्यांचा आवडता समज तिनं मोडीत काढला. नमुन्यातच लेबरचे मतदार जास्त आणि कॉन्झर्व्हेटिव्ह कमी आले होते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. २०२४ मध्येही शेवटच्या पोलनी लेबरची आघाडी सतरा-अठराच्या आसपास दाखवली आणि ती दहावर आली. जिंकणारा बरोबर होता म्हणून कुणी फारसं बोललं नाही.

या टक्केवारीच्या आत आपली माणसं शोधायला जाल तर आणखी सांभाळा. दोन हजारांच्या पोलमध्ये भारतीय वंशाचे साठेक निघतील. त्यांच्यावरून "ब्रिटिश भारतीय अमुक पक्षाकडे वळले" असा मथळा करणारे पत्रकार आहेत, आणि तो मथळा पुढे ढकलणारे आमचे काकाही आहेत. वेगळा, मोठा सर्व्हे करावा लागतो. कार्नेगी संस्थेनं २०२१ मध्ये तसा केला तेव्हा दहांत चारजण लेबरकडे आणि तीनजण कॉन्झर्व्हेटिव्हकडे निघाले, म्हणजे आपण एका पक्षाच्या दावणीला बांधलेले नाही. २०२४ च्या लेबर लाटेत कॉन्झर्व्हेटिव्हनी दुसऱ्याकडून जिंकून घेतलेली एकमेव जागा भारतीय वंशाचे मतदार भरपूर असलेल्या लेस्टर ईस्टची, हे त्यातच आलं.

टक्के आणि जागा यांचंही इथे सूत जुळत नाही. पद्धत आपल्यासारखीच, ज्याला जास्त मतं तो आत. २०२४ मध्ये लेबरला जेमतेम ३४ टक्के मतं आणि ६५० पैकी ४११ जागा. रिफॉर्मला १४ टक्के आणि पाच जागा, लिबरल डेमोक्रॅट्सना १२ टक्के आणि ७२ जागा. म्हणून हल्ली मतदारसंघनिहाय अंदाज बांधणारे मोठे पोल येतात, त्यांना एमआरपी म्हणतात. हा शब्द ऐकला की मला अजूनही पार्ले-जीच्या पुड्यावरची किंमत आठवते. २०१७ मध्ये यूगव्हच्या एमआरपीनं त्रिशंकू पार्लमेंट सांगितलं तेव्हा सगळे हसले होते, आणि तसंच झालं.

एक्झिट पोल मात्र रात्र जागून बघा. २०२४ मध्ये मी महिन्याभरात दोन पाहिले. १ जूनला भारतातल्या वाहिन्यांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या वर नेऊन बसवलं, ४ जूनला निकाल २९३. आमच्या सांगलीत तर अपक्ष विशाल पाटील निवडून आले. बरोबर महिन्यानं, ४ जुलैच्या रात्री दहाच्या ठोक्याला इथल्या एक्झिट पोलनं लेबरला ४१० दिले, मिळाल्या ४११. बीबीसी, आयटीव्ही आणि स्काय मिळून एकच पोल करतात. शंभर-सव्वाशेच्या वर केंद्रांबाहेर मतदाराला तसलीच मतपत्रिका देतात, ती तो घडी घालून पेटीत टाकतो, तोंडानं काही सांगावं लागत नाही. या देशाला शोभेल अशी सोय! शक्यतो मागच्या वेळचीच केंद्रं घेतात आणि त्या केंद्रांवर किती बदल झाला ते मोजतात. ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातले जॉन कर्टिस हे पिकलेले, विस्कटलेले केसवाले प्राध्यापक त्या टीममध्ये असतात. रात्री तीनलाही त्यांचा उत्साह तसाच. २०१५ मध्ये एक्झिट पोलचा आकडा ऐकून पॅडी अ‍ॅशडाउन या जुन्या नेत्यानं टीव्हीवर सांगितलं होतं की हे खरं ठरलं तर मी माझी हॅट खाईन. कॉन्झर्व्हेटिव्हना ३१६ सांगितल्या होत्या, मिळाल्या त्याहूनही जास्त. दुसऱ्या दिवशी त्यांच्यापुढे हॅटच्या आकाराचा केक आला.

घरी येणाऱ्या पत्रकांवर स्तंभांचे आलेख असतात, "इथे फक्त आम्हीच हरवू शकतो" वगैरे. पट्टी घेऊन मोजा. १९ टक्क्यांचा स्तंभ ३१ च्या खांद्याला लागलेला असतो. एका पक्षाची तर ही खासियतच समजली जाते, तुम्हाला लवकरच कळेल कोणाची.

तुम्हालाही कुणी विचारेल. ऑनलाइन पॅनेलवर नाव नोंदवता येतं, उत्तरांचे गुण मिळतात, त्यांचे पैसे व्हायला मात्र महिनोन्‌महिने लागतात. मी नोंदवलंय. चहात दूध आधी की नंतर, इथपासून युक्रेनपर्यंत सगळं विचारतात, आणि मी "माहीत नाही" वर बऱ्याचदा खूण करते. खरा सर्व्हेवाला बँकेचा तपशील मागत नाही, काही विकत नाही आणि नको म्हटलं की जातो. फोनवरचा माणूस सर्व्हे म्हणून सुरू करून सोलर पॅनेलवर आला तर फोन ठेवा. जनगणनेचं मात्र वेगळं आहे. ती दहा वर्षांनी येते आणि टाळली तर हजार पौंडांपर्यंत दंड होतो.

आता नव्वद टक्के नवीन मराठी लोकांना माहीत नसलेली गोष्ट (नव्वद हा माझा टपरीवरचा आकडा, तक्ता मागू नका). भारतीय पासपोर्ट असला आणि वैध व्हिसावर इथे राहत असलात, तर तुम्हाला इथे मत देता येतं. कौन्सिलच्या निवडणुकीतही आणि पार्लमेंटच्याही. भारत राष्ट्रकुलात आहे म्हणून. ब्रिटिश नागरिक व्हायची वाट बघायची नसते. ऑनलाइन नोंदणीला पाच मिनिटं लागतात, नॅशनल इन्शुरन्स नंबर जवळ ठेवा. मतदार यादीत नाव असलं की क्रेडिट रेकॉर्डलाही मदत होते, फोनचं काँट्रॅक्ट किंवा घराचं कर्ज घेताना ते उपयोगी पडतं. खुल्या यादीतून नाव वगळायची चौकट असते, तिच्यावर खूण करा, म्हणजे जाहिरातींची पत्रं थोडी कमी येतील. मतदानाच्या बारा कामाच्या दिवसांआधी नोंदणी बंद होते.

२०२३ पासून इंग्लंडात मतदान केंद्रावर फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. भारतीय पासपोर्ट चालतो, इथलं ड्रायव्हिंग लायसन्स चालतं, आधार चालत नाही. आणि नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच नोंदवा. आपल्याकडे वडिलांचं नाव, नवऱ्याचं नाव, माहेरचं आडनाव असा गोंधळ असतो. माझ्या ओळखीतली एक मुलगी यादीत माहेरच्या नावानं आणि पासपोर्टवर सासरच्या, केंद्रावर बराच वेळ समजावत उभी होती.

२०२४ च्या ४ जुलैला संध्याकाळी मी पासपोर्ट पर्समध्ये टाकून निघाले तेव्हा शेजारचे आजोबाही काठी घेऊन बाहेर पडत होते. केंद्र चर्चच्या हॉलमध्ये, दहा मिनिटांवर. जाताना त्यांनी मला त्यांच्या टोमॅटोवर पडलेल्या किडीबद्दल सांगितलं, मी कडुनिंबाच्या तेलाबद्दल सांगितलं. आत ते डाव्या आडोशाला गेले, मी उजव्या. परत येताना पुन्हा टोमॅटो.